तिसऱ्या पाण्यावरची हाक

१

अक्षय्य तृतीया झाली की मुरुडच्या बाजारपेठेतल्या काही लोकांच्या तळपायांना खाज सुटते. वर्षभर गादीवर बसून कापड मोजणारी, भुसार तोलणारी ही माणसं. पण त्या आठवड्यात चौदा-पंधरा जणं दुकानं पोरांच्या हवाली करतात, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतात आणि दोन दिवस माळावर चालायला जातात. भर उन्हाळ्यात. लोक त्यांना वेडे म्हणतात आणि ते लोकांना आळशी म्हणतात, त्यामुळे हिशेब बरोबर सुटतो.

हे खूळ काढलं होतं विरूपाक्षअप्पांनी. अकरा वर्षांपूर्वी डॉक्टरने त्यांना साखरेसाठी चालायला सांगितलं. एकट्याने चालायचा कंटाळा, म्हणून त्यांनी अर्धी पेठच सोबत घेतली. टेम्पो पहाटे तावरजेच्या काठाला सोडतो. तिथून माळ तुडवत औशाच्या अंगाने दक्षिणेला जायचं, मध्ये एक ओढा लागतो आणि दुसऱ्या दिवशी सांजेला तेरणा ओलांडली की चाल संपली. पलीकडच्या गावातल्या मठात जेवण, मुक्काम आणि सकाळी टेम्पोने घरी. तीन पाणी आणि एक माळ, एवढीच ती वाट.

प्रत्येक पाण्यावर त्यांची एक रीत होती. सगळे ओलांडून आले की एकाने पाण्याकडे तोंड करून उभं राहायचं आणि एकेकाचं नाव घेऊन हाक मारायची. मागे उभ्या असलेल्या माणसाने 'आलो' म्हणायचं. पाणी ओलांडताना शरीर येतं, मन तिकडच्या काठाला रेंगाळतं, त्याला हाक मारून आणायचं असतं, असं त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी गंगम्मा सांगायची. बाकीचे हसायचे, पण हाकेला उत्तर द्यायला कुणी चुकायचं नाही.

हाक मारायचं काम अप्पांच्या बायकोचं, रत्नम्माचं. तिचा गळाच तसा होता. दुकानाच्या पायरीवरून तिने 'मल्लेश' म्हणून पुतण्याला हाक मारली की बस स्टँडवरचे दोन-तीन मल्लेश वळून बघायचे. फक्त एक नाव ती घ्यायची नाही. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण नवऱ्याचं नाव तिने तोंडाने काढलेलं नव्हतं. लग्नातला उखाणासुद्धा पुटपुटून संपवलेला. अप्पा नेहमी शेवटाला चालायचे, म्हणून त्यांची हाकही शेवटची. ती नुसतं 'अहो!' म्हणायची, सगळे हसायचे आणि अप्पा म्हणायचे, "आलो गं, आलो."

यंदा अप्पा नव्हते. मार्चमध्ये त्यांचा डावा गुडघा बदलला होता, आणि ते घरी वॉकर धरून सुनेला, दामिनीला, छळत बसले होते. रत्नम्माही जाणार नव्हती. अप्पांनीच तिला ढकललं. "माझ्या पायाची शिक्षा तू कामून भोगून राहिलीस," म्हणाले. रत्नम्माने दोन वेळा नाही म्हटलं आणि तिसऱ्या वेळी पिशवी भरली. खरं सांगायचं तर तिला जायचंच होतं.

२

तावरजेला घोट्याएवढं पाणी होतं. सकाळचे साडेसहा, ऊन अजून कोवळं, पाण्यात पाय घातला की दाताला कळ लागावी असा गारवा. मल्लेशने गंगम्माला हाताला धरून आणलं. चपला हातात घेऊन सगळे इकडच्या काठावर जमले, कुणी पाय पुसत होतं, कुणी पदर पिळत होतं.

रत्नम्मा पाण्याकडे तोंड करून उभी राहिली.

"गंगम्मा!"

"आले."

"व्यंकटी!"

"आलो."

"सिंधु!"

"आले बाई, आले."

चौदा नावं झाली. चौदाही 'आलो' तिच्या पाठीमागून आले. तिचं तोंड उघडंच होतं आणि जित्याची खोड म्हणतात तसं झालं. अकरा वर्षांची जीभ तिच्या आधी हलली.

"अहो!"

मागून हशा उठायच्या आतच उत्तर आलं. "आलो."

साधा आवाज होता. घोगरा, थोडा दमलेला, पुरुषाचा. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. सगळे हसले. सिंधु म्हणाली, "बघा, अप्पांची जागा कुणीतरी भरून काढली." रत्नम्माही हसली, लाजली, पदर सारखा करून वळली. दोन-चार पावलं चालल्यावर तिच्या ध्यानात आलं.

बाकीची उत्तरं मागून आली होती. हे समोरून आलं होतं, जिथे पाणी होतं आणि पलीकडचा रिकामा काठ.

३

अकराला ऊन कडकडीत झालं तेव्हा त्यांनी एका शेतातल्या चिंचेखाली पथारी टाकली. भाकरी, ठेचा, कांदा, मडक्यातलं ताक. व्यंकटी भुसारवाले आडवे झाले आणि लगेच घोरायला लागले. रत्नम्माने मल्लेशला बाजूला घेतलं.

"खरं सांग. सकाळी तूच आवाज काढलास न्हवं?"

"मी? काकू, मी तर गंगम्माचे पाय पुसून राहिलो होतो. मला वाटलं व्यंकटीकाका."

व्यंकटी झोपेतूनच म्हणाले, "मला वाटलं मल्लेश."

असं आहे तर, रत्नम्माच्या मनात आलं. सगळ्यांनी ऐकलं आणि सगळ्यांनी दुसऱ्यावर ढकललं. ती बाई व्यवहारी होती. आयुष्यभर गिऱ्हाइकांच्या थापा ऐकलेल्या. तिने स्वतःलाही एक दिली. पलीकडे एखादा शेळ्या चारणारा असेल. बाईने 'अहो' म्हटलं की कोणताही नवरा झालेला माणूस 'आलो' म्हणतो.

तरी तिने घरी फोन लावला. अप्पा आमरस खात होते.

"पाय कसा हाय?"

"लई हलका हाय आज," अप्पा म्हणाले. "सकाळी जरा डोळा लागला, तर झोपेत तुमच्यासंगंच चालून राहिलो. मस्त वारं होतं."

"कवा?"

"तू चहा घेतला का आधी ते सांग. कवा म्हंजे काय, साडेसहा-सात असतील."

तिकडे चमचा वाटीवर वाजत होता. "दोन वाट्यांच्या वर खाऊ नका," एवढं म्हणून तिने फोन ठेवला. गंगम्मा शेजारी पडली होती. तिला सगळं सांगितलं, तर म्हातारीला नवल वाटलं नाही.

"मन आलं असंल त्याचं मागं," ती म्हणाली. "अकरा वर्षं चाललेला माणूस. घरी कसं बसवंल?"

रत्नम्माला हे पटलं नाही, पण गोड वाटलं. ती बराच वेळ चिंचेच्या पानांतून येणारं ऊन बघत पडून राहिली आणि मग तिला छान झोप लागली.

४

ओढा लागला तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. ओढा कसला, दगडांतून वाहणारी एक ओळ. पण रीत ती रीत. रत्नम्माने पाण्याकडे तोंड केलं आणि या वेळी मनाला बजावून ठेवलं. चौदा नावं घेतली, चौदा उत्तरं मागून आली आणि तिने ओठ घट्ट मिटले.

मंडळी चढण चढायला लागली. मुक्कामाची शाळा वरच होती, चहाची घाई होती. रत्नम्मा चपलेत अडकलेला खडा काढायला खाली बसली. बोलणी वर वर जाऊन विरली. एक टिटवी ओरडून गेली.

"माझी?"

पलीकडच्या काठावर करवंदीची जाळी होती, तिच्या पलीकडून आवाज आला. तक्रार नव्हती. जेवणाच्या पंगतीत वाढताना कुणी सुटावं आणि त्याने संकोचून ताट पुढे करावं, तसा स्वर.

रत्नम्मा उठली नाही. ओढा चार हातांचा आणि जाळी त्याच्याही मागे दहा पावलांवर. जाऊन बघता आलं असतं. तिने पाहिलं तर जाळीची पानं हलत नव्हती, वाराच नव्हता. तिला भीती वाटली हे खरं, पण भीतीपेक्षा जास्त कीव आली. खरंच ते त्यांचं मन असेल तर? दिवसभर या उन्हात मागे चाललंय, पाणी नाही, सावली नाही. आपणच सकाळी हाक मारून त्याला एका पाण्याच्या अलीकडे आणलं. आता ना घरी ना इथे, मधल्यामध्ये सोडून जायचं?

"अहो," ती हळूच म्हणाली. "या."

"आलो."

पाण्यात पाय पडल्याचा आवाज झाला. रत्नम्मा वळली आणि चढण चढायला लागली. मागे पाहिलं नाही.

५

दुसरा दिवस तिच्या आयुष्यातल्या बऱ्या दिवसांपैकी होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

औशाचा किल्ला उजव्या हाताला मागे पडला आणि खरा माळ सुरू झाला. पिवळं वाळलेलं गवत, मध्येच एखादी बाभूळ, लांबवर पवनचक्क्यांची पाती. चौदा जणं बोलत-हसत पुढे चालले होते आणि रत्नम्मा मुद्दामच मागे राहिली होती. तिच्याही मागे, वीस-पंचवीस पावलांवर, कुणीतरी चालत होतं. ती थांबली की थांबायचं. चालली की चालायचं. वळून पाहिलं तर माळ, गवत आणि त्यातून गेलेली पायवाट.

पहिल्यांदा ती भराभर पाय उचलत राहिली. मग दोन तास झाले आणि काही झालं नाही, तेव्हा माणूस जसा कशालाही सरावतो तशी ती सरावली. मग बोलायलाही लागली. दामिनीला तिसरा महिना लागलाय हे अप्पांना अजून सांगायचं होतं, ते सांगितलं. दुकानात रेडीमेडचा माल भरावा का ते विचारलं. घरात अप्पा मध्येच तोडून स्वतःचं सुरू करायचे. इथे नुसती पावलं होती, ऐकत चाललेली. छत्तीस वर्षांत नवऱ्याने इतकं निमूट कधी ऐकलं नव्हतं.

दुपारच्या विसाव्याआधी पायवाट खडकावरून गेली. तिथे गवत नव्हतं, त्यामुळे पावलं स्पष्ट वाजायला लागली. टप, टप, टप, टप. रत्नम्माला त्या तालावर चालायला बरं वाटलं. मग हळूहळू तिचं पाऊल मंदावलं.

पावलं सारखी होती. उजवं जेवढं, डावं तेवढंच. अप्पांचा डावा पाय दहा वर्षं फरफटत होता. घरात ते संडासला उठले तरी झोपेत तिला कळायचं. टप, सर्र. टप, सर्र. ऑपरेशननंतर तर वॉकरचा खणखणाट. हे चालणं त्यांचं नव्हतं. मनाचं चालणं वेगळं असतं, असं तिने स्वतःला समजावून पाहिलं. पण नवऱ्याचं चालणं ओळखायला बायकोला शास्त्र लागत नाही.

तिने फोन काढला. दोन कांड्या रेंज होती.

"काय करलालाव?"

"टीव्ही बघलालो," अप्पा म्हणाले. मागे बातम्यांचा आवाज होता. "तू कशी हायस? उन्हात डोक्यावर पदर घे."

आणि फोन कानाला असतानाच मागची पावलं जवळ आली. वीसची दहा झाली, दहाची पाच. मग थांबली. पाठीवर ऊन होतं, ते थोडं कमी झालं, कुणी मध्ये उभं राहिल्यासारखं. ऐकायला.

"ऐकून राहिलीस का?" अप्पा म्हणाले.

"हाव," रत्नम्मा म्हणाली. "नंतर बोलते." तिने फोन बंद केला आणि पुढच्या माणसांकडे जवळजवळ पळतच गेली.

६

तेरणेला धरणातून पाणी सोडलं होतं. गुडघ्याच्या वर, पण संथ. सूर्य कलला होता आणि सगळं पात्र तांबूस झालं होतं. मल्लेश आणि व्यंकटींनी दोर धरला, एकेक करून सगळे पार झाले. साड्या भिजल्या म्हणून बायका एकमेकींना हसत होत्या. चाल संपली होती, मठात हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, शिजत होती आणि तिचा गोड वास काठापर्यंत येत होता.

रत्नम्माने दुपारभर एकाच गोष्टीचा विचार केला होता. उद्या टेम्पो घरी जाणार. आज तिने हाक मारली तर जे काही मागून येत होतं ते तेरणेच्या अलीकडे येणार, उद्या टेम्पोत बसणार आणि तिच्या उंबऱ्याशी उतरणार, जिथे एका पायाने अधू म्हातारा आणि तीन महिन्यांची पोटुशी सून होती. हाक मारली नाही तर ते पुन्हा 'माझी?' म्हणणार. आणि खरंच ते अप्पांचं काही असेल, तर ते इथेच राहणार, नदीपलीकडे, कायमचं.

आणि मग तिला साधी गोष्ट सुचली. 'अहो' हे काही कुणाचं नाव नव्हे. 'अहो'ला कुणीही ओ देईल. नावाला मात्र ज्याचं त्यानेच उत्तर द्यायचं. अप्पांचं मन असेल तर येईल आणि दुसरं काही असेल तर गप्प बसेल. बाजारात खरं-खोटं नाणं वाजवून बघतात, तसं.

ती पाण्याकडे तोंड करून उभी राहिली. चौदा नावं झाली. पलीकडच्या काठावर उंच गवत होतं आणि गवतात एका जागी अंधार जरा जास्त होता, उभ्या माणसाएवढा. तो हलत नव्हता, फक्त थोडा पुढे झुकलेला होता.

तिने श्वास घेतला. तोंडाला कोरड पडली होती, लग्नाच्या मांडवात पडली होती तशी.

"विरूपाक्ष!"

मागे बायकांनी टाळ्या पिटल्या. सिंधु ओरडली, "घेतलं गं बाई, घेतलं!" मल्लेश म्हणाला, "काकू, रेकॉर्ड करायला पायजे होतं, काकांना दाखवलं असतं." रत्नम्माचे कान तापले. तिचं सगळं लक्ष पलीकडे होतं.

उत्तर आलं नाही. पाणी वाहत होतं. ती शंभरपर्यंत मोजत थांबली. गवतातला तो अंधार हळूहळू साध्या अंधारासारखा दिसायला लागला आणि मग तिथे नुसतं गवत होतं. हाक गेली होती आणि कुणी घेतली नव्हती.

तिचे खांदे एकदम हलके झाले. नव्हतेच ते. सुटलो आपण. तिला इतकं बरं वाटलं की ती सिंधुच्या गळ्यात पडून हसली आणि हसता हसता थोडी रडली. सगळ्यांना वाटलं, घरच्या माणसाची आठवण आली.

गंगम्मा तेवढी हसली नाही. "नाव घ्यायची काय गरज होती," ती म्हणाली आणि काठी टेकत मठाकडे निघाली. जुन्या बायकांना नवऱ्याचं नाव घेतलेलं खपत नाही, हे रत्नम्माला ठाऊक होतं. तिने म्हातारीचं मनाला लावून घेतलं नाही.

७

मठाच्या ओसरीवर पंगत बसली. गरम हुग्गीवर तूप, कटाची आमटी, वर भात. रत्नम्माने दोन वेळा वाढून घेतलं. मागे कुणाचीही पावलं नव्हती. ती मुद्दाम ओसरीच्या कडेला, अंधाराकडे पाठ करून बसली होती आणि पाठीला नुसता वारा लागत होता. उद्या अप्पांना सांगायचं, ती ठरवत होती. सगळ्यांसमोर तुमचं नाव घेतलं, म्हणून सांगायचं. ते कसे लाजतील ते तिला दिसत होतं.

हात धुवून आली तर फोन वाजत होता. दामिनी होती.

"आत्याबाई, आल्यात तर आत या की," दामिनी हसत म्हणाली. "बाहेर कामून थांबल्यात?"

"कुठं बाहेर? मी मठात हाय. उद्या येणार न्हवं का?"

"चेष्टा करून राहिल्यात तुम्ही. आता तुम्हीच अंगणातून हाक मारली की. मी चुलीपाशी होते, मलाबी ऐकू आली. नावानं मारली आत्याबाई, मला हसूच आवरंना. मामंजी तर लाजून लाल झाले."

रत्नम्माच्या हातातून पाणी गळत होतं. पंगतीत मल्लेश काहीतरी बोलला आणि सगळे हसले.

"त्यांनी काय केलं?" तिने विचारलं.

"आलो म्हणले. उठले की लगेच. वॉकर इथंच हाय, बघा. तसेच चालून राहिलेत, पाय लई हलका हाय म्हणले. दार उघडून दिलं मी."

"दामिनी, त्यांना आत घे. मी आले न्हाई. मी तेरणेवर हाय. धर त्यांना."

हसणं थांबलं. दामिनीच्या पायातली पैंजणं वाजली, दाराची कडी वाजली. मग तिचा आवाज आला, एकदम लहान झालेला.

"आत्याबाई, अंगणात एवढं पाणी कुठनं आलं?"

"फोन त्यांच्याकडं धर. मोठा कर आवाज. धर लवकर."

फोनमध्ये वाहतं पाणी ऐकू आलं, रुंद आणि संथ. त्यात कुणीतरी चालत होतं, पाय न फरफटता. रत्नम्माने ओसरीचा खांब धरला. ते नाव तिनेच तेरणेवर दुसऱ्याच्या हाती दिलं होतं, आता ते तोंडात आणायची तिची छाती नव्हती. तिने दुसरी हाक मारली, छत्तीस वर्षं मारली तीच, सगळा गळा एकवटून. पंगतीत हातातले घास हातात राहिले.

"अहो!"

मुरुडच्या अंगणातून, खूप लांबून, अप्पांचा आवाज आला. तो दमलेला नव्हता, घोगरा नव्हता. तो त्यांचाच होता आणि फार खुशीत होता.

"आलो की गं. किती हाका मारशील?"